खाच कुणाच्या मालकीची?

कॉम्प्युटरविषयी बोलायला लागलं की माणसं आधी प्रोसेसरचं नाव घेतात, मग मेमरीचं, मग हार्ड डिस्कचं. ही सगळी मंडळी ज्या हिरव्या पाटीवर बसलेली असतात, त्या मदरबोर्डची आठवण शेवटी होते, आणि तीही बहुधा तो बिघडल्यावर. आज मी त्या पाटीविषयीच बोलणार आहे. त्यातही तिच्यावरच्या लांबट खाचांविषयी, ज्यांना आपण स्लॉट म्हणतो. प्रोसेसरच्या वेगावरून कंपन्यांमध्ये चढाओढ खूप झाली, पण खाचेत कार्ड कुणी घालायचं आणि कुणाला विचारून घालायचं, यावरून बाजारातली राज्यं बदलली. शिवाय कॉम्प्युटरच्या पडद्यावर मराठी अक्षर उमटलं त्यातही या खाचेचा वाटा आहे.

आधी पाटीचं काम काय ते पाहू. तिच्या पोटात तांब्याच्या बारीक रेषांचे थर असतात. त्यातल्या काही रेषांचा एक सामायिक रस्ता बनतो, त्याला बस म्हणतात. हा शब्द आपल्या एसटी बसचाच भाऊबंद आहे. मूळ लॅटिन शब्द ऑम्निबस, म्हणजे सर्वांसाठी. प्रोसेसरला मेमरीतला एखादा आकडा हवा असेल तर तो पत्त्याच्या तारांवर घरनंबर मांडतो आणि वेगळ्या तारेवर ‘वाचायचंय’ अशी खूण करतो. ज्याचा तो नंबर असेल तो भाग आपला आकडा माहितीच्या तारांवर ठेवतो, बाकीचे गप्प बसतात. घड्याळाच्या ठोक्यावर हे सेकंदाला लाखो वेळा चालतं. शिवाय काही तारा दारावरच्या घंटेसारख्या असतात. कीबोर्डवर बोट पडलं की घंटा वाजते आणि प्रोसेसर हातातलं काम ठेवून तिकडे बघतो.

खाच म्हणजे या सामायिक रस्त्यावर उघडणारं दार. त्यातून आत आलेलं कार्ड रस्त्यावरच्या इतरांसारखंच वागू शकतं. मात्र दार किती रुंद आणि कितव्या खुणेवर कोणती तार, हे कुणीतरी ठरवावं लागतं.

घरगुती कॉम्प्युटरसाठी ते पहिल्यांदा ठरलं अमेरिकेत, न्यू मेक्सिकोतल्या आल्बुकर्क गावी. तिथे एड रॉबर्ट्स यांच्या एमआयटीएस या छोट्या कंपनीने १९७४ साली अल्टेअर ८८०० नावाचं यंत्र बनवलं. तयार झालेला एकुलता एक नमुना न्यूयॉर्कला ‘पॉप्युलर इलेक्ट्रॉनिक्स’ मासिकाकडे पाठवला, तो वाटेतच हरवला. म्हणून जानेवारी १९७५च्या मुखपृष्ठावर झळकलेला अल्टेअर आतून पोकळ होता! तरीही ३९७ डॉलरच्या सुट्या भागांच्या संचासाठी काही महिन्यांत हजारो मागण्या आल्या. या यंत्रात १०० तारांची बस होती आणि कार्डं बसवायला खाचा होत्या. यंत्राबरोबर मिळणारी मेमरी अवघी २५६ बाइट. एवढ्यात काहीच होत नसे, म्हणून माणसं जादा मेमरी शोधू लागली. रॉबर्ट्स यांची मेमरी कार्डं नीट चालत नव्हती. मग कॅलिफोर्नियातल्या गॅरेजवाल्यांनी त्याच खाचांत बसणारी स्वतःची कार्डं काढली. रॉबर्ट्स त्यांना बांडगुळं समजत. त्या मंडळींनाही आपल्या मालावर प्रतिस्पर्ध्याचं नाव नको होतं, म्हणून ‘अल्टेअर बस’ला त्यांनी ‘एस-१००’ असं कुणाच्याच मालकीचं नसलेलं नाव दिलं. १९८३ साली ती बस आयईईई या अभियंत्यांच्या संस्थेचं रीतसर प्रमाण झाली. तोवर मूळ कंपनी विकली जाऊन विस्मृतीत गेली होती.

पुढचा प्रसंग ॲपलचा. १९७७ साली ॲपल टू तयार होत असताना स्टीव्ह जॉब्स यांचं म्हणणं होतं की दोन खाचा पुरेत, एक प्रिंटरला आणि एक मोडेमला. स्टीव्ह वॉझनियाक आठांवर अडून बसले. आठ खाचा झाल्या, आणि त्यांच्यात लोकांनी काय काय घातलं! १९८० साली मायक्रोसॉफ्टने तर असं कार्ड काढलं, ज्यावर चक्क दुसराच प्रोसेसर होता. जॉब्स यांनी मात्र आपलं मत सोडलं नाही. १९८४च्या मॅकिन्टॉशला एकही खाच नव्हती.

आता मुख्य पात्राकडे येऊ. मोठमोठ्या कचेऱ्यांना मोठमोठी यंत्रं भाड्याने देणारी आयबीएम कंपनी तेव्हा सगळं स्वतःच्या कारखान्यात बनवण्याबद्दल प्रसिद्ध होती. पण १९८० साली फ्लोरिडातल्या बोका रॅटन इथल्या तिच्या गटाला वर्षभरात छोटा कॉम्प्युटर बाजारात आणायचा होता. डॉन एस्ट्रिज हे त्या गटाचे प्रमुख. सगळं घरी बनवायला वेळच नव्हता. प्रोसेसर इंटेलचा घेतला, सॉफ्टवेअर मायक्रोसॉफ्टचं, प्रिंटर जपानच्या एप्सनचा. फ्लॉपी ड्राइव्ह टंडन कंपनीचे होते. तिचे संस्थापक जुगी टंडन मूळचे भारतातले. पुढे मुंबईत अंधेरीच्या सीप्झमध्येही टंडनचा कारखाना निघाला.

१२ ऑगस्ट १९८१ रोजी आयबीएम पीसी जाहीर झाला. त्याच्या पाटीवर पाच खाचा होत्या, प्रत्येकीत ६२ संपर्कबिंदू. त्यातले आठ माहितीचे, वीस पत्त्याचे, उरलेले वीजपुरवठा, घड्याळ, घंटा वगैरेंचे. वीस तारांवर दहा लाखांहून थोडे जास्त घरनंबर मांडता येतात. त्या जुन्या पीसीला एक मेगाबाइटची मर्यादा होती ती इथून आली. पाटीवर स्वतःचं असं फार थोडं होतं. पडदा जोडायचा तर कार्ड, फ्लॉपी जोडायची तर कार्ड, प्रिंटरला कार्ड. खाचा भराभर भरत. आणि आयबीएमने यंत्राच्या तांत्रिक पुस्तिकेत पाटीचा संपूर्ण नकाशा छापून विकायला ठेवला. कोणत्या बिंदूवर कोणती तार आहे हे कुणीही वाचावं आणि कार्ड बनवावं! यात मोठं औदार्य होतं असं मला वाटत नाही. बाहेरच्या लोकांनी कार्डं आणि प्रोग्रॅम बनवले तर यंत्र खपेल, हा सरळ व्यापारी हिशेब होता, आणि तो बरोबर निघाला.

मग कार्डं बनवणाऱ्यांचा एक धंदाच उभा राहिला. कॅलिफोर्नियातल्या एएसटी कंपनीने मेमरी, घड्याळ, प्रिंटरची जोडणी अशी अनेक कामं करणारं कार्ड काढलं आणि खाचांची टंचाई दूर केली. हर्क्युलीस कंपनीच्या कार्डाची गोष्ट तर आपल्याला फारच जवळची. आयबीएमच्या मूळ एकरंगी कार्डावर अक्षरांचे आकार एका चिपमध्ये कायमचे कोरलेले असत. त्यापलीकडचं अक्षर पडद्यावर येणं शक्यच नव्हतं. हर्क्युलीसचे संस्थापक थायलंडचे. त्यांना आपलं लेखन थाई लिपीत करायचं होतं. १९८२ साली त्यांनी पडद्याचा प्रत्येक ठिपका स्वतंत्र उजळता येईल असं कार्ड बनवलं. ते जगभर विकलं गेलं.

जी अडचण थाईची, तीच देवनागरीची, किंबहुना थोडी जास्तच. आपल्याकडे जोडाक्षरं आहेत, वेलांट्या आहेत, रफार आहे. कानपूरच्या आयआयटीमध्ये भारतीय लिप्यांवर काम चाललं होतं. त्यातून पुढे आलेलं जिस्ट तंत्र पुण्याच्या सी-डॅकने पूर्णत्वाला नेलं. सी-डॅकची स्थापना १९८८ची. परम महासंगणकामुळे तिचं नाव झालं, पण कचेरीतल्या साध्या माणसाला तिची ओळख झाली ती मोहन तांबे आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या जिस्ट कार्डामुळे. हे कार्ड पीसीच्या खाचेत बसे. इंग्रजीसाठी लिहिलेल्या डॉसमधल्या प्रोग्रॅमला पत्ताही लागत नसे आणि पडद्यावर मराठी उमटे. प्रोग्रॅम नुसते संकेत पाठवायचा. ते वाचून क्ष, ज्ञ, त्र जुळवण्याचं काम कार्ड करायचं. तेच डीबेस, तीच यादी, पण नावं मराठीत. विंडोज २०००पासून देवनागरीची सोय थेट सॉफ्टवेअरमध्ये आली आणि अशा कार्डाची गरज संपली.

जरा विचार करा. आयबीएमने पीसी बनवताना मराठीचा विचार करण्याचं कारणच नव्हतं. तिने १९७८ साली भारतातून गाशा गुंडाळलेला होता आणि ती परतली १९९२ साली. म्हणजे ज्या काळात आपल्याकडे पीसी रुजला, त्या काळात त्याची मूळ निर्माती कंपनी या देशात नव्हतीच. तरी यंत्र आलं आणि त्यात आपली लिपीही आली, कारण खाचेचा नकाशा छापलेला होता.

तर मग नकलांची गोष्ट ओघाने आलीच. पीसीमध्ये आयबीएमच्या हक्काचा कळीचा भाग एकच होता, पाटीवरच्या चिपमधला बायॉस नावाचा छोटा प्रोग्रॅम. टेक्सासातल्या ह्यूस्टनच्या कॉम्पॅक कंपनीने तो नव्याने लिहून घेतला. मूळ प्रोग्रॅम ज्यांनी कधी पाहिलाच नव्हता, अशाच माणसांना ते काम दिलं, म्हणजे कोर्टात चोरी म्हणता येऊ नये. १९८४पासून तर फीनिक्स नावाची कंपनी असा बायॉस कुणालाही विकू लागली. मग पीसीची नक्कल करायला हुशारीपेक्षा भांडवलच पुरेसं ठरलं. १९८४ सालीच आयबीएमने पीसी एटी आणला. त्यात ६२ बिंदूंच्या खाचेपुढे ३६ बिंदूंची आणखी एक छोटी खाच जोडली. नवं कार्ड दोन्हींत बसे, जुनं कार्ड पहिल्या खाचेत तसंच चाले. मार्क डीन आणि डेनिस मोलर या आयबीएमच्या अभियंत्यांचं नाव या बसशी जोडलेलं आहे. माझ्या मते या सगळ्या इतिहासातली ही सर्वांत समंजस रचना. नवं द्यायचं, पण जुन्याला घराबाहेर काढायचं नाही.

आयबीएमने पुढच्या खेपेस नेमकं हेच केलं नाही. एव्हाना नकला करणारे तिच्या पुढे निघाले होते. इंटेलचा ३८६ प्रोसेसर घातलेला कॉम्प्युटर कॉम्पॅकने १९८६ साली आयबीएमच्या आधी आणला. आयबीएमला आपलं घर परत हवं होतं. २ एप्रिल १९८७ रोजी तिने पीएस/२ ही नवी मालिका जाहीर केली, आणि तिच्या वरच्या यंत्रांत मायक्रो चॅनल नावाची नवी बस होती. तांत्रिकदृष्ट्या ती चांगली होती, यात वाद नाही. ३२ बिटांची वाट होती, आणि कार्ड बसवताना त्यावरचे इवलेसे जंपर हलवत बसावं लागत नसे. पण जुनं एकही कार्ड तिच्या खाचेत शिरत नव्हतं. शिवाय त्या खाचेच्या जोरावर यंत्र बनवायचं असेल तर आयबीएमचा परवाना घ्यायचा आणि विक्रीवर रॉयल्टी मोजायची. कालपर्यंत जो नकाशा दुकानात विकत मिळत होता, त्याच्या जागी आता करारपत्र आलं.

१३ सप्टेंबर १९८८ रोजी नऊ कंपन्या एकत्र आल्या. कॉम्पॅक, एएसटी, एप्सन, ह्यूलेट-पॅकार्ड, एनईसी, ऑलिव्हेट्टी, टँडी, वाइज आणि झेनिथ. वृत्तपत्रांनी त्यांना ‘नवांची टोळी’ म्हटलं. एएसटी ही मुळात खाचेत कार्डं घालूनच मोठी झालेली, आणि एप्सन आयबीएमला प्रिंटर पुरवून. या नवांनी स्वतःची ३२ बिटांची बस मांडली, तिचं नाव ईसा. तिची खाच दुमजली होती. वरच्या मजल्यावर जुन्या कार्डाचे बिंदू, खालच्या मजल्यावर नवे. जुनं कार्ड वरच अडकून थांबे आणि कामाला लागे; नव्या कार्डाला विशिष्ट जागी कापे दिलेले असत, म्हणून ते खालपर्यंत जाई. यातली आणखी एक गंमत नावाची आहे. एटी हे नाव आयबीएमचं. म्हणून त्या जुन्या बसचं बारसं या मंडळींनी नव्याने केलं: आयएसए, म्हणजे उद्योगाची प्रमाण रचना. ज्याने घर बांधलं त्याचं नाव पाटीवरून पुसलं गेलं. अल्टेअरचं झालं तेच आयबीएमचं झालं.

जिंकलं कोण? तसं पाहिलं तर दोघंही नाहीत. ईसा महाग पडली, ती मोठ्या सर्व्हरमध्येच राहिली. मायक्रो चॅनल आयबीएमच्या स्वतःच्या यंत्रांबाहेर फारशी गेली नाही. पीएस/२चं नाव टिकलं ते कीबोर्ड आणि माऊसच्या गोल सॉकेटमुळे! साधी आयएसए खाच मात्र आणखी दहा-बारा वर्षं चालली.

तिच्या जोरावर तैवानमधल्या कंपन्यांनी मदरबोर्ड हा स्वतंत्र माल म्हणून जगाला विकायला सुरुवात केली. गिगाबाइट आणि एमएसआय १९८६च्या, एसुस १९८९ची. आपल्या लॅमिंग्टन रोडवर किंवा दिल्लीच्या नेहरू प्लेसमध्ये ‘असेंबल्ड’ कॉम्प्युटरचा जो बाजार फुलला, तो याच मदरबोर्डांवर. पाटी एका दुकानातून, मेमरी दुसऱ्यातून, डबा तिसऱ्यातून. एक स्क्रू ड्रायव्हर आणला की झालं. ब्रँडेड यंत्र ज्यांच्या आवाक्यात नव्हतं अशा किती घरांत, टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये आणि डीटीपीच्या दुकानांत पहिला कॉम्प्युटर असाच आला. डिप्लोमा झालेल्या कितीतरी मुलांचा चरितार्थही त्यावर चालला. कामाला कटकट होती. साउंड कार्ड आणि प्रिंटर एकाच क्रमांकाची घंटा मागू लागले की दोन्ही गप्प होत, आणि जंपर काढ-घाल करण्यात दुपार जाई. पण ती कटकट आपल्या हातात होती, हेही खरं.

१९९२ साली इंटेलने पीसीआय नावाची बस पुढे केली. पांढऱ्या आखूड खाचा, त्याच या. कोणत्या कार्डाला कोणती घंटा हे यंत्र स्वतः ठरवू लागलं. प्रमाण सांभाळायला अनेक कंपन्यांचा संघ नेमला, आणि १९९५ साली ॲपलनेही तीच खाच स्वीकारली. एका अर्थी आयबीएमला जे जमलं नाही ते इंटेलने साधलं. सत्ता आली, पण सगळ्यांना पंक्तीला बसवून. त्यानंतरच्या यूएसबीचे एक प्रमुख शिल्पकार अजय भट्ट. ते इंटेलमधलेच, शिक्षण बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात. १९९६च्या यूएसबीने खाच डब्याच्या बाहेर आणून ठेवली. आता पेनड्राइव्ह लावायला झाकण उघडावं लागत नाही.

२००३-०४च्या सुमारास आलेल्या पीसीआय एक्स्प्रेसमागेही भट्ट होते. इथे मात्र बसची मूळ कल्पनाच मोडली. बत्तीस तारांवरून बत्तीस बिट एकदम सोडायचे तर ते पलीकडे एकाच क्षणी पोचायला हवेत. कवायतीत रांग जितकी लांब आणि चाल जितकी जलद, तितकं पाऊल चुकतं. तसंच इथे होऊ लागलं. म्हणून रांगच मोडली. प्रत्येक खाचेला स्वतःची वाट दिली आणि तिच्यावरून बिट एकामागून एक, पण प्रचंड वेगाने पाठवले. सार्वजनिक रस्ता गेला, प्रत्येकाला खाजगी गल्ली मिळाली. नाव मात्र अजून बसच.

वेग वाढत गेला तशी अंतरं अडचणीची ठरू लागली. मेमरीशी बोलणारा भाग पाटीवरच्या चिपमधून प्रोसेसरच्या पोटात गेला; एएमडीने ते २००३ साली केलं, इंटेलने २००८ साली. २०२०च्या नोव्हेंबरमध्ये ॲपलने एम-१ आणला, त्यात मेमरी प्रोसेसरला खेटूनच बसवलेली, नंतर वाढवण्याची सोय नाही. बारीक लॅपटॉपमध्येही मेमरी पाटीला सोल्डर केलेली असते. वीज वाचते, जाडी कमी होते. कारणं खरी आहेत. पण चार वर्षांनी मेमरी कमी पडली तर अख्खी पाटी बदला किंवा नवं यंत्र घ्या. जादा मेमरीचा भाव दुकानदार नाही, मूळ कंपनी ठरवणार. लॅपटॉप घ्यायला जाल तेव्हा ‘रॅम बदलता येते का’ हा प्रश्न दुकानात जरूर विचारा.

यावर एक उपाय पुढे आला आहे. २०२२ साली डेल कंपनीने आपल्या लॅपटॉपसाठी मेमरी बसवण्याची नवी चपटी जोडणी काढली, तिचं नाव कॅम. सोल्डरिंग नको, स्क्रूने आवळायची. लगेच ओरड झाली की डेल गिऱ्हाइकाला स्वतःच्या खुंटीला बांधू पाहते आहे. डेलने ती रचना जेडेक या मेमरी उद्योगाच्या प्रमाण ठरवणाऱ्या संस्थेपुढे ठेवली, आणि डिसेंबर २०२३मध्ये तिचं सुधारलेलं रूप सर्वांसाठी प्रमाण म्हणून प्रसिद्ध झालं. कोणत्या बिंदूवर कोणती तार, हे त्यात छापलेलं आहे.